दुधनेच्या वळणावरच्या कणग्या

माघातली दुपार होती. उषाबाई दारातल्या बाभळीखाली सूप विणता विणता पेंगली होती. तिचं नेहमी असंच व्हायचं. बांबूच्या कामट्या एकीखालून एक, एकीवरून एक जाऊ लागल्या की डोळ्यांवर झापड यायची, हात मात्र चालूच राहायचे. निंबोळ्यातले लोक म्हणायचे, उषाबाईनं झोपेत विणलेलं सूप जागेपणी विणलेल्यापेक्षा घट्ट असतं. निंबोळा हे दुधना नदीच्या वळणावरचं गाव, बदनापूरला जायचं म्हटलं तर अर्ध्या तासाचं. बुरुडाचं घर तिथं एकच उरलं होतं, आणि त्या घरात उषाबाई एकटी.

तिनं डोळे उघडले तर समोर गयासोद्दीन उभा. मोसंबीच्या बागेचा मालक, तिच्याच वयाचा, साठी उलटलेला, बोलण्याआधी दोनदा घसा खाकरणारा माणूस. किती वेळचा उभा होता कोण जाणे.

"उठवायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "हात चालू होते तुमचे. बघत राह्यलो."

"बसा ना, गयासभाई. रहिमा गेल्यापासून तुम्ही इकडं फिरकलाच न्हाईत."

तो बाजेच्या कडेवर टेकला. रहिमाबी त्याची बायको. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती होती तेव्हा दुपारची यायची, भिंतीला पाठ लावून बसायची आणि उषाबाईचं विणणं बघत बघत झोपून जायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. चाळीस वर्षांची मैत्री, तिच्यातली निम्मी तरी अशी झोपेत गेली होती.

"इतक्यात आमच्या कब्रस्तानाकडं गेल्त्या का तुम्ही?" गयासोद्दीननं विचारलं.

"न्हाई."

"नदी बारा हातांवर आली. मागच्या साली वीस होती." तो थांबला. "रहिमाची कबर कडंलाच हाय. यंदाचा पावसाळा निघंल. पुढचा न्हाई निघायचा."

"तिथं भिंत बांधली होती ना?"

"बांधली होती कुण्या ठेकेदारानं. नदी तिच्या मागून गेली. आता भिंत नदीच्या मधी उभी हाय आन् तिच्यावर बगळे बसून राह्यले."

उषाबाईनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. गयासोद्दीननं पुन्हा घसा खाकरला. मग जे सांगायला तो आला होता ते सांगितलं. त्याच्या घरात अजून एक कणगी होती, धान्य ठेवायची, बांबू आणि निरगुडीच्या फोकांची, शेणानं लिंपलेली. त्याच्या लग्नाच्या साली उषाबाईनंच ती विणून दिली होती. ज्वारीनं भरली की चार माणसांना हलायची नाही. परवा तिच्याकडं बघता बघता त्याच्या मनात आलं, ज्वारीच्या जागी दगडं भरली तर? आणि घरात न ठेवता नदीत ठेवली तर?

"मदीहाला विचारलं," तो म्हणाला. मदीहा त्याची लेक, बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. "ती म्हणती, लोखंडाच्या जाळीत दगडं भरून नदीकाठ धरतात. मंग मी म्हणलं, बांबूच्या जाळीत कामून न्हाई? ती हसली न्हाई. म्हणून तुमच्याकडं आलो."

उषाबाईनं खाली ठेवलेलं सूप पुन्हा उचललं आणि त्याची वीण चाचपली. पंचवीस वर्षांत तिनं कणगी विणली नव्हती. लोकांनी पत्र्याच्या कोठ्या घेतल्या, मग प्लास्टिकचे ड्रम आले. तिच्या बापानं तिला शिकवलेलं सगळ्यात मोठं काम ते, आणि तेच सगळ्यात आधी बंद पडलं.

"उद्या नदीवर येते," ती म्हणाली. "आधी बघू तर द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा नदीवर धुकं होतं. दुधनेला माघात पाणी थोडंच असतं. डोहाडोहांत साठलेलं, मधून एक बारीक धार चाललेली. पलीकडचा काठ दिसत नव्हता. अलीकडचा काठ मात्र सुरीनं कापल्यासारखा उभा होता, आणि त्याच्या पोटातून एका जुन्या निंबाची मुळं बाहेर लोंबत होती. वर कब्रस्तान. मातीचे लहान लहान उंचवटे, काहींवर नुसता एक दगड. नदी वळणावर आत घुसली होती, झोपलेल्या माणसानं कूस बदलताना पांघरूण ओढावं तशी, रागानं नाही, सहज.

भिंत खरंच मधोमध उभी होती. तिच्यावर तीन बगळे.

उषाबाई काठावर बसून राहिली. धुकं विरलं, पाणी दिसू लागलं. सरळ येणारी धार वळणावर काठाला धडकत होती आणि तिथंच माती विरघळत होती. तिला कुणी नदीचं शास्त्र शिकवलं नव्हतं. पण पाणी अडवायचं नाही, त्याला जरा रेंगाळायला लावायचं, एवढं तिच्या लक्षात आलं. टोपलीत पाणी ओतलं तर ते थांबत नाही, पण त्यातला गाळ थांबतो.

ती उठली आणि गयासोद्दीनच्या बांधावर गेली. तिथं बांबूचं बेट होतं. तिनं एकेका बांबूवर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला.

"हा घ्या. हा न्हाई, कवळा हाय. हा घ्या."

गयासोद्दीन मागून कोयता घेऊन चालला.

कणग्या नदीच्या पात्रातच विणायच्या ठरल्या, कारण घरी विणून त्या वाहून नेणं शक्य नव्हतं. जाड कामट्या उभ्या, आणि त्यांच्यातून आडवे निरगुडीचे ओले फोक. निरगुडी नदीकाठी हवी तेवढी. तिचा वास कडू, पण नाकाला बरा वाटणारा. उषाबाईच्या हातांना, लुगड्याला, भाकरीलाही तो लागला.

कणगी कमरेएवढी होईपर्यंत ती बाहेरून विणायची. त्यापुढं आत शिरून. आत शिरली की जग नाहीसं व्हायचं. वर गोल आभाळ, भोवती फटींतून येणारं ऊन, अंगावर उन्हाच्या पट्ट्या. नदीचा आवाज आत यायचा पण कुठून येतोय ते कळायचं नाही. हात चालत राहायचे. डोळे मिटायचे.

एका दुपारी तिला रहिमाबी दिसली. पात्रातून चालत होती, नेहमीसारखी सावकाश, डोक्यावर पदर. तिच्या कमरेवर उषाबाईनंच विणलेली टोपली होती आणि टोपलीत काठोकाठ पाणी. एक थेंब गळत नव्हता. उषाबाईला त्याचं नवल वाटलं नाही. तिनं फक्त विचारलं, "जड हाय का गं?" रहिमाबीनं मान हलवली. नाही म्हणाली की हो, ते समजलं नाही.

"खाला," वरून कुणीतरी हाक मारत होतं. "खाला, झोपल्या का?"

गोल आभाळात मदीहाचं डोकं दिसत होतं. रविवार असला की ती यायची; उषाबाईला ती लहानपणापासून खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. कणगी आता पुरुषभर उंच झाली होती आणि उषाबाई आत. बाहेर कसं यायचं हे दोघींनाही आधी सुचलं नव्हतं. मदीहानं शिडी आणली, आत सोडली, आणि उषाबाई हसत हसत वर आली. किती तरी दिवसांनी ती अशी हसली होती.

"तुझी अम्मी दिसली," तिनं बाहेरच्या अंगानं उतरताना सांगितलं.

मदीहानं तिचा हात धरला. "काय म्हणली?"

"काही न्हाई. तिचं काय बोलणं असतंय."

फाल्गुन संपेपर्यंत तीन कणग्या उभ्या राहिल्या, काठापासून नदीत शिरणाऱ्या एका ओळीत. गावातल्या संघपालनं ट्रॅक्टरनं दगडं आणून टाकली. गावातल्या दोन्ही गल्ल्यांतली, मुसलमानांच्या आणि बाकीच्यांच्या, दहाबारा माणसं आली, दगडं हातोहात देत त्यांनी कणग्या भरल्या. काही जणांना हे खूळच वाटत होतं. पण कब्रस्तान गावाचं होतं, आणि उषाबाईचं काम बघायला बरं वाटत होतं.

चैत्रात अवकाळी आला. वरच्या अंगाला कुठंतरी गारा पडल्या, आणि सायंकाळपर्यंत दुधनेला तांबडं पाणी आलं. फार नव्हतं, मांडीएवढंच. सकाळी उषाबाई गेली तेव्हा तीनपैकी दोन कणग्या आडव्या पडल्या होत्या. फुटल्या नव्हत्या. एकही कामटी तुटलेली नव्हती. पोटात दगडं तशीच धरून त्या नदीत कुशीवर झोपल्या होत्या.

गयासोद्दीन काठावर बसला होता. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"तुमचं विणणं बराबर होतं," तो म्हणाला. "माझीच बुद्धी कमी पडली. आता राहू द्या, उषाबाई. हात सुजलेत तुमचे."

तिचे हात खरंच सुजले होते. ती पाण्यात उतरली. पाणी घोट्याच्या वर, गार, गढूळ. ती नुसती उभी राहिली, कारण बसलं तर रडू येईल असं तिला वाटत होतं. लहानपणी बापाबरोबर निरगुडी तोडायला आली की ती अशीच उभी राहायची.

मग तिच्या टाचांखालची वाळू सरकू लागली. हळूहळू, गुदगुल्या करत. पाणी पायाला वळसा घालत होतं आणि पायाखालची वाळू घेऊन जात होतं. थोड्याच वेळात ती मागं कलली, तोल गेला, आणि तिनं पाऊल उचलून दुसरीकडं ठेवलं. तिथंही तेच.

ती तशीच उभी राहून पायाकडं बघत राहिली.

पाण्याच्या कडेला एक जुना तट्टा पडला होता, बांबूचा, चटईसारखा विणलेला. ती त्यावर बसून काम करायची. तिनं तो ओढून आणला, पाण्यात तळाशी अंथरला आणि त्याच्यावर उभी राहिली. वाळू तट्ट्याच्या कडेनं थोडी सरकली आणि थांबली. ती उभीच राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. पाणी चाललं होतं, ऊन चढत होतं, आणि ती हलत नव्हती.

"गयासभाई," ती म्हणाली, "या हितं. चप्पल काढून या."

तो आला. तिनं त्याला आधी वाळूत उभं केलं, मग तट्ट्यावर. पहिल्यांदा तो कलला. दुसऱ्यांदा नाही. त्यानं खाली बघितलं, मग आडव्या पडलेल्या कणग्यांकडं बघितलं.

"आपण त्यांना अनवाणी उभं केलं," तो म्हणाला.

"व्हय."

वैशाखात नदी पार आटली. पात्रात बसायला ते बरंच झालं. आता उषाबाईनं आधी तट्टे विणले, प्रत्येक कणगीच्या चौपट रुंद, खाली निरगुडी आणि बोराट्यांचे भारे दाबून. त्यांच्यावर कणग्या. रांगही तिनं थोडी तिरपी केली, म्हणजे धार अंगावर आदळणार नाही, अंगावरून घसरेल. तीनच्या सहा कणग्या झाल्या. त्यांच्या मागं, काठाच्या पायाशी, ओल्या बांबूचे खुंट ठोकून त्यांच्यातून फांद्या विणल्या, कुडाची भिंत असते तशा. मदीहाला सुट्टी लागली होती. ती रोज यायची. तिच्या कामट्या सुरुवातीला वेड्यावाकड्या सोलल्या जायच्या, बोटं कापायची, ती बोट तोंडात धरून पुन्हा बसायची.

"खाला, डोळे मिटून कसं विणता तुम्ही?"

"मिटते कुठं. मिटतात."

मृगाच्या आधी त्यांनी शेवटचं काम केलं. खुंटांच्या ओळीत निरगुडीच्या आणि पाण्याकाठी वाढणाऱ्या वाळुंजाच्या जिवंत फांद्या खोचल्या, हातभर आत, हातभर बाहेर. बाहेरून बघणाऱ्याला त्या वाळक्या काटक्याच वाटल्या असत्या.

पावसाळा आला तो साधाच होता. आषाढात नदी थोडी वाढली, उतरली. श्रावणात काटक्यांना पानं फुटली. उषाबाई रोज सकाळी जायची आणि पानं मोजायची नाही, नुसती बघायची. कणग्यांच्या मागं पाणी संथ झालं होतं. तिथं पाण्यावर किडे चालत असत, आणि एक खंड्या कणगीच्या तोंडावर बसून त्यांच्याकडं बघत असे.

भाद्रपदात मात्र तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दुधना पात्र सोडून शेतांत आली. निंबोळ्याची माणसं शाळेच्या गच्चीवर उभी राहून बघत होती. पलीकडचा काठ दिसत नव्हता. तांबडं पाणी, त्याच्यावर वाहणारे सोयाबीनचे ढिगारे, एखादा अख्खा बाभळीचा बुंधा. मधली भिंत दिसेनाशी झाली, आणि संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, ती कोसळल्याचा आवाज आला. कब्रस्तानातल्या निंबाचा फक्त शेंडा पाण्यावर होता.

 गयासोद्दीन टोपी हातात घेऊन तिची घडी घालत होता, उलगडत होता. उषाबाई त्याच्या शेजारी उभी राहिली. तिला खूप दमल्यासारखं वाटत होतं. कठड्याला टेकून तिचे डोळे मिटले. पाण्याचा आवाज कणगीच्या आत यायचा तसाच आला, सगळीकडून. तिला वाटलं, खाली, त्या तांबड्या अंधारात, पाणी एकेका कामटीखालून आणि कामटीवरून चाललंय. सावकाश. विणल्यासारखं. तिला भीती वाटेनाशी झाली.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. पाचव्या दिवशी पाणी उतरलं, आणि उषाबाई, गयासोद्दीन आणि मदीहा असे तिघं चिखल तुडवत गेले.

सहापैकी एक कणगी नव्हती. पाच होत्या. त्यांच्यात गवत, चिंध्या, मक्याची ताटं, एक तुटकी चप्पल अडकली होती, आणि त्या गाळानं अर्ध्या पुरल्या गेल्या होत्या. जिथं गेल्या वर्षी उभा काठ आणि खोल पाणी होतं, तिथं आता ओल्या गाळाचा एक उतार निवांत पसरला होता. निरगुडी आडवी पडली होती, पण मुळासकट जागेवर होती. निंब जागेवर होता. काठ एक हातही मागं सरला नव्हता.

पण वर कब्रस्तानात एकही कबर दिसत नव्हती. सगळीकडं वीतभर मऊ, सारखा, चमकणारा गाळ बसला होता. उंचवटे गेले, दगड गेले. पावलाची एक खूण नव्हती. जणू तिथं कधी कुणाला पुरलंच नव्हतं.

गयासोद्दीन दारातच थांबला. मदीहा त्याच्या मागं.

"अब्बा, अम्मी कुठं हाय?" ती हळू आवाजात म्हणाली. एवढी शिकलेली पोर, पण तिचा आवाज लहान झाला होता.

तो इकडं तिकडं बघत राहिला. निंबापासून किती पावलं, त्याला आठवेना. दर शुक्रवारी येणारा माणूस, पण त्यानं कधी पावलं मोजली नव्हती. कबर दिसायची, तो जायचा.

उषाबाईला जागा माहीत होती. पात्रात बसून विणताना वर बघितलं की निंबाच्या दुभंगलेल्या फांदीच्या बरोब्बर खाली रहिमाबीचा उंचवटा दिसायचा. पाच महिने तिनं तो बघितला होता.

"मी दाखवू का?" तिनं विचारलं.

गयासोद्दीननं सगळ्या गाळावरून नजर फिरवली. गाळावर निंबाची सावली हलत होती.

"राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "हाय ना ती हितंच. गेली न्हाई कुठं. आज समद्यांसाठीच दुवा मागतो."

त्यानं टोपी घातली आणि हात उचलले. मदीहानंही. उषाबाई पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. फातेहाची प्रार्थना संपेपर्यंत कुठून तरी पाण्याकाठची एक टिटवी ओरडत राहिली, मग तीही गप्प झाली.

परतताना मदीहा उषाबाईच्या बाजूनं चालत होती. कुंपणापाशी आल्यावर ती अब्बाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "खाला, मला सांगा." उषाबाईनं बोटानं फांदी दाखवली, आणि फांदीखालचा गाळ. मदीहानं तिकडं बघितलं आणि मान हलवली.

पुढच्या माघात त्यांनी वाहून गेलेल्या कणगीची जागा भरायला घेतली. तोवर खालच्या अंगाच्या एका वस्तीवरची माणसं येऊन बघून गेली होती. त्यांचा रस्ता नदी खात होती. त्यांनी उषाबाईला विचारलं, तिनं मदीहाकडं बोट केलं. "हिला विचारा. हात तिचे चालत्यात आता. मी बसून राहीन." मदीहा लाजली, पण नाही म्हणाली नाही.

नव्या गाळावर गवत आलं होतं, मऊ, पोपटी. निरगुडी माणसाच्या खांद्याएवढी झाली होती, आणि तिला जांभळी फुलं होती. दुपारी जेवण झाल्यावर उषाबाई विणायला बसली, आणि थोड्याच वेळात, हातातला फोक अर्धा आत अर्धा बाहेर असताना, तिचा हात थांबला. असं कधी झालं नव्हतं. गयासोद्दीन कोयता टाकून घाईनं जवळ आला आणि वाकून बघितलं. ती शांत श्वास घेत होती. नुसती झोपली होती, हातांसकट, गाढ.

तो सरळ झाला. त्यानं आपली काळी छत्री उघडली, तिच्या तोंडावर सावली पडेल अशी गाळात रोवली, आणि पाय न वाजवता निरगुडी तोडायला परत गेला.